देवघेव विभाग आणि कुलूपबंद कपाट

पत्र

सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. आमची व्याख्यानमाला दर मे महिन्यात भरते. १९८१ पासूनची बहुतेक व्याख्यानं आम्ही टेप केली आहेत. ३१२ कॅसेटा आहेत, म्हणजे साधारण ४०० तास. शिवाय व्हिडिओ कॅमेऱ्याच्या ३८ छोट्या टेपा, प्रत्येकी तासाभराच्या. २०१९ च्या महापुरात आमची पुस्तकं भिजली, पण कॅसेटांची पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. त्याचा धसका घेऊन वर्गणी काढली आणि सगळं डिजिटल करून घेतलं. हार्ड डिस्कवर ९१० जीबी भरलं आहे. पुतण्याने आपल्या गूगल ड्राइव्हवर काही व्याख्यानं चढवून गावाच्या ग्रुपवर लिंक दिली. दुसऱ्याच दिवशी 'फार लोकांनी ही फाइल पाहिली, आता मिळणार नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी दिसायला लागली. आता तो म्हणतो ॲमेझॉनचं क्लाउड घेऊ. खजिनदार म्हणतात, बिल किती येईल ते आधी सांगा, वर्षाला पाच हजारांच्या वर एक रुपया नाही. काय करावं?

उत्तर

कार्यवाहसाहेब, नमस्कार.

आधी तुमच्या खजिनदारांना माझा नमस्कार सांगा. क्लाउडचा विषय निघाला की लोक 'जागा किती मिळेल' हे विचारतात. यांनी थेट बिलाला हात घातला. जागेचं भाडं आता फार राहिलेलं नाही. खिसा रिकामा होतो तो वाटपात, म्हणजे लोक फाइल उतरवून घेतात त्यात.

हे मी पोळून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका घरगुती मैफलीचं दोन तासांचं रेकॉर्डिंग, कलाकाराच्या परवानगीने, मी एका कंपनीच्या क्लाउडवर ठेवलं आणि तीसेक मित्रांना लिंक दिली. फाइल अस्सल दर्जाची, चार जीबीच्या वर. मित्रांनी ती पुढे पाठवली, त्यांच्या मित्रांनी आणखी पुढे. महिन्याच्या शेवटी बिल आलं, त्यात साठवणुकीचे नऊ रुपये आणि डाउनलोडचे नऊ हजारांच्या वर. कंपनीची काही चूक नव्हती. दरपत्रक समोर होतं, मीच वाचलं नव्हतं.

तुमचं गणित करून पाहू. दीड तासाच्या व्याख्यानाची तुमच्याकडची वेव्ह फाइल, म्हणजे आवाज जराही न दाबता ठेवलेली फाइल, दीड जीबीहून थोडी मोठी असणार. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ असं रेकॉर्डिंग तासाला साधारण १ जीबी खातं आणि तुमचे आकडे त्याच्याशी जुळतात. समजा एखाद्या नावाजलेल्या वक्त्याचं व्याख्यान ५०० जणांनी उतरवलं, तर झाले पावणेआठशे जीबी. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातून महिन्याला पहिले १०० जीबी फुकट आणि पुढे जीबीमागे साधारण ११ सेंट. डॉलर नव्वद रुपये धरा, वर १८ टक्के जीएसटी, की एका व्याख्यानाचे साडेसात ते आठ हजार होतात. खजिनदारांची वर्षाची मर्यादा एका रविवारी संपली.

तरीही मी म्हणेन, पुतण्या चुकीचं सांगत नाही. त्याने फक्त दोन वेगळी कामं एकात घातली आहेत, आणि ती वेगळी कशी करायची हे तुम्हाला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वाचनालयात तुम्ही दुर्मीळ पोथी देवघेव विभागात ठेवता का? नाही. ती कुलूपबंद कपाटात, आणि वाचकाच्या हातात तिची छापील आवृत्ती. इथे तेच करायचं. ९१० जीबी ही तुमची पोथी. ती कोणालाही उतरवू द्यायची नाही, तिची लिंकसुद्धा असता कामा नये. लोकांसाठी हलकी प्रत काढायची.

किती हलकी? माणसाच्या बोलण्याला संगीताइतकी जागा लागत नाही. एका माइकवर घेतलेलं व्याख्यान मोनो (म्हणजे डावा-उजवा असे दोन आवाज न ठेवता एकच), सेकंदाला ६४ किलोबिटच्या एमपीथ्रीमध्ये बदललं की तासाला २९ एमबी होतं. तुमचे ४०० तास साडेअकरा जीबीत बसतात. नव्या प्रकारच्या फाइली याहूनही लहान होतात, पण तुमचा श्रोता सत्तरीचा आहे आणि त्याचा फोन जुना आहे, म्हणून एमपीथ्रीच. व्हिडिओच्या टेपा मुळात तासाला १३ जीबी खातात. त्यांची एच २६४ या प्रकारात दाबलेली प्रत सेकंदाला एक मेगाबिटने काढली तर तासाला अर्धा जीबीसुद्धा होत नाही. ३८ टेपांचे मिळून अठराएक जीबी. सगळं मिळून ३०. आता तेच व्याख्यान ५०० जणांनी उतरवलं तर २२ जीबी जातील, आणि ॲमेझॉनवरसुद्धा ते फुकटाच्या मर्यादेत बसतात.

हे रूपांतर ऑडॅसिटी आणि हँडब्रेक या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर घरच्या लॅपटॉपवर होतं. हँडब्रेकमध्ये दोन गोष्टी पुतण्याला आठवणीने करायला सांगा. एक म्हणजे डीइंटरलेस, कारण त्या टेपांवर चित्र एकाआड एक ओळींनी उमटलेलं असतं आणि तसंच ठेवलं तर वक्त्याने हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. दुसरी म्हणजे 'वेब ऑप्टिमाइझ्ड' ही खूण. एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका बऱ्याचदा शेवटच्या पानावर असते, त्यामुळे कधी कधी बरीचशी फाइल उतरेपर्यंत फोन गोल गोल फिरत राहतो. ही खूण केली की अनुक्रमणिका पहिल्या पानावर येते आणि व्हिडिओ लगेच सुरू होतो. पुतण्या एचएलएस वगैरेबद्दलही बोलेल, म्हणजे व्हिडिओचे छोटे तुकडे पाडून नेटच्या वेगाप्रमाणे दर्जा बदलत पाठवायचा प्रकार. उत्तम आहे, पण एका मेगाबिटच्या व्हिडिओला त्याची गरज नाही. त्याला शाबासकी द्या आणि पुढे चला.

आता ही ३० जीबीची देवघेव कुठे ठेवायची. मी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या आर टू नावाच्या साठवण सेवेवर ठेवेन. कारण एकच, तिथे बाहेर जाणाऱ्या जीबीचे पैसे घेत नाहीत. लिंक आखाती देशापासून अमेरिकेपर्यंत फिरली तरी त्यापायी बिल फुगत नाही. पहिले १० जीबी फुकट, पुढे जीबीमागे महिन्याला दीड सेंट. तुमच्या उरलेल्या २० जीबीचे महिन्याला सत्तावीस रुपये. एवढ्यात वाचनालयाच्या ऑफिसात चहाच्या दोन फेऱ्यासुद्धा होत नाहीत.

मात्र आर टू नुसती घेऊन भागत नाही. ते तुम्हाला चाचणीसाठी एक पत्ता देतात, पण त्याला वेगाची मर्यादा असते. तो लोकांना दिलात तर ड्राइव्हसारखीच फजिती होईल. वाचनालयाच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घ्या, वर्षाला हजाराच्या आसपास मिळतं. ते क्लाउडफ्लेअरकडे वळवून बकेटला जोडा. बकेट म्हणजे क्लाउडवरचं नाव दिलेलं कपाट, बाकी काही नाही. ब्राउझरमधून तिथे ३०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही, म्हणजे तुमचे व्हिडिओ अडतील. त्यासाठी आरक्लोन नावाचं फुकट साधन आहे. त्यात 'कॉपी' आणि 'सिंक' असे दोन हुकूम आहेत. तुमच्या कामाला कॉपी. सिंक हा प्रकार समोरच्या बाजूला जे जास्तीचं दिसेल ते पुसून टाकतो. चुकून रिकामं फोल्डर दाखवलंत तर तो निष्ठेने सगळं कपाट रिकामं करेल.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, व्हिडिओ थेट यूट्यूबवर टाकायलाही माझी हरकत नाही. फुकट आहे आणि गावातल्या प्रत्येकाला उघडता येतं. फक्त खातं फोन नंबरने पडताळून घ्या, नाहीतर पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेत नाहीत. पण यूट्यूबला तुमचं कपाट समजू नका. तिथे दिलेली मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळेलच याची खात्री नाही. आणि व्याख्यानाआधी कोणी ध्वनिक्षेपकावर एखादं गाजलेलं भक्तिगीत लावलं असेल, तर त्या चार मिनिटांपायी अख्ख्या व्हिडिओवर कोणीतरी हक्क सांगू शकतं. सुरुवात कापून टाका.

आता पोथीकडे. इथे ॲमेझॉन बरं, त्यातही त्यांचा सगळ्यात थंड, म्हणजे क्वचितच लागणाऱ्या फाइलींसाठीचा वर्ग, ग्लेशियर डीप आर्काइव्ह. मुंबईतलं त्यांचं केंद्र २०१६ पासून आहे. बिल रुपयांत, जीएसटीसह आणि संस्थेच्या नावावर घेता येतं, हे तुमच्या लेखापरीक्षकाला परदेशी पावतीपेक्षा कितीतरी रुचेल. या वर्गात ९१० जीबी महिन्याला शे-दोनशे रुपयांत राहतात. याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. एखादी फाइल मागितली तर ती हाती यायला बारा तासांपर्यंत वेळ लागतो, स्वस्तातली मागणी केली तर ४८ तासांपर्यंत. सगळं परत आणायचं तर वाटपाचा तो जीबीमागचा दर इथेही लागतो, म्हणजे आठ-दहा हजारांचा खड्डा. पण तो पुन्हा पूर आला आणि तुमची हार्ड डिस्क व मी पुढे घ्यायला सांगणार आहे ती दुसरी, अशा दोन्ही गेल्या तरच पडणार. तेव्हा आठ हजार कोणीही देईल.

चढवताना एक चूक हमखास होते. वर्ग निवडला नाही तर फाइली नेहमीच्या महागड्या वर्गात जाऊन पडतात आणि महिन्याला दोन हजार लागायला लागतात. आरक्लोनच्या सेटिंगमध्ये वर्ग आधीच लिहून ठेवा. दुसरी गोष्ट तुमच्याकडच्या विजेची. मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी चढते. मध्येच वीज गेली तर अर्धवट चढलेले तुकडे तिथेच पडून राहतात. फाइलींच्या यादीत ते दिसत नाहीत, भाडं मात्र लागतं. सात दिवसांनी अर्धवट तुकडे पुसून टाकायचा नियम बकेटला एकदा लावून ठेवा. आणि एकदा ठेवलेली फाइल १८० दिवसांच्या आत पुसली तरी तेवढ्या दिवसांचं भाडं घेतातच, म्हणून आधी घरात सगळी मांडामांड करा आणि मगच चढवा.

चढवायला वेळ किती? अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर चार दिवसांहून थोडं जास्त, ५० असेल तर चाळीसेक तास. वाचनालयाच्या ब्रॉडबँडवर महिन्याची मर्यादा असेल तर अपलोडही त्यात मोजलं जातं, ते आधी पाहा. त्याआधी वेव्ह फाइलींचं फ्लॅक या दाबलेल्या प्रकारात रूपांतर करून घ्या. आवाजातला कणही जात नाही आणि जागा साधारण निम्म्यावर येते. फ्लॅकचा आणखी एक गुण मला फार आवडतो. प्रत्येक फाइल आपल्या आवाजाची खूणगाठ स्वतःजवळ बाळगते, त्यामुळे पाच वर्षांनी ती आतून खराब झाली आहे का, हे ती स्वतःच सांगते.

फाइलींच्या नावांबद्दल बोलायलाच हवं. डिजिटल करून देणाऱ्याने 'साइड ए फायनल नवीन २' अशी नावं दिली असतील, मला खात्री आहे. आणि तुमचा मोह असेल तो छान मराठीत नावं देण्याचा. मोह आवरा, फक्त फाइलीपुरता. देवनागरीचं एक चिन्ह वेब पत्त्यात गेलं की त्याची नऊ अक्षरं होतात. 'व्याख्यान' या शब्दात अशी नऊ चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात एक्क्याऐंशी अक्षरांची टक्केवारीच्या खुणांनी भरलेली माळ. ती ग्रुपवर टाकली की मध्येच तुटते आणि लोक फोन करून विचारतात, लिंक चालत नाही. फाइलीला रोमन लिपीत वर्ष, महिना, दिवस आणि एक क्रमांक एवढंच नाव द्या. वक्त्याचं नाव, विषय, अध्यक्ष कोण होते, कुठे आवाज फाटला आहे, मध्ये कुठे टेप उलटली, हे सगळं शुद्ध मराठीत एका तक्त्यात, तुमच्या दाखलनोंदवहीसारखं. त्या तक्त्याचीही प्रत हार्ड डिस्कवर ठेवा. तुमच्यातल्या जुन्या सभासदांना दुपारी बसवून हे भरून घ्या. आवाज ऐकून 'हे अमुक साली, मंडप पडला होता तेव्हाचं' असं सांगणारी माणसं आहेत तोवर.

परवानगीचं काय? वाचनालयाने टेप केलं म्हणून व्याख्यान वाचनालयाचं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा असतो, आणि हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. वक्ते हयात असतील तर त्यांना आणि नसतील तर घरच्यांना दोन ओळींचं पत्र पाठवा. बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात, कित्येकांना वडिलांचा आवाज पहिल्यांदाच ऐकायला मिळतो. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांची प्रत कपाटात राहील, देवघेवीत नाही. आणि एखाद्या व्याख्यानात वक्ता 'हे बाहेर सांगू नका' म्हणून काही बोलला असेल, जे मे महिन्यातल्या रात्री बऱ्याच वेळा होतं, तर ते चढवण्याआधी कोणीतरी पूर्ण ऐकलेलं असू द्या.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. लोकांना दिलेली तुमची व्याख्यानं आत्ता पुतण्याच्या ड्राइव्हवर आहेत. पुतण्या गुणी आहे, यात शंका नाही. पण उद्या तो नोकरीला बंगळूरला गेला, फोन हरवला, त्याचं कार्ड संपलं, तर? क्लाउडवरच्या फाइली पाण्याने जात नाहीत. त्या जातात मुदत संपलेल्या कार्डामुळे आणि कोणी न वाचलेल्या ईमेलमुळे. पैसे कापले गेले नाहीत की आठवणीची पत्रं येतात, मग खातं गोठतं, मग पुसलं जातं. क्लाउडफ्लेअर आणि ॲमेझॉन, दोन्हीकडची खाती वाचनालयाच्या ईमेलवर काढा आणि तो ईमेल कार्यवाह आणि खजिनदार अशा दोघांच्या फोनवर ठेवा. लॉगिनला दुहेरी पडताळणी लावा. फोन हरवला तर लॉगिन करण्यासाठी मिळणारे आणीबाणीचे कोड छापून पाकिटात घालून इतिवृत्ताच्या वहीबरोबर तिजोरीत ठेवा. कार्यकारिणी बदलली की तुम्ही धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज देता, त्याच दिवशी पासवर्डही बदला. आरक्लोनसाठी जी गुप्त किल्ली मिळते ती पुतण्याने ग्रुपवर पाठवू नये. गंमत म्हणून नाही सांगत, लोक पाठवतात.

कार्डाचं आधी बँकेत विचारून घ्या. सहकारी बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बऱ्याचदा बंद असतात, आणि क्लाउडफ्लेअर डॉलरमध्ये पैसे घेतं. पदाधिकाऱ्याने स्वतःच्या कार्डाने भरून संस्थेकडून परत घ्यायचे असतील तर तसा ठराव करून ठेवा. बिलाच्या इशाऱ्याची मर्यादा ॲमेझॉनवर महिन्याला तीनशे रुपये लावा. मात्र लक्षात असू द्या, तो इशारा फक्त ईमेल पाठवतो, मीटर बंद करत नाही. आणि ॲमेझॉनची नवी बकेट २०२३ पासून बाहेरच्यांना आपोआप बंद असते. कोणी कितीही सांगितलं तरी पोथीच्या कपाटाचं ते कुलूप उघडू नका.

खजिनदारांसाठी हिशेब: डोमेन हजार, आर टू सव्वातीनशे, थंड कपाट जीएसटी धरून दोन ते अडीच हजार. पाच हजारांत हजारभर उरतात. एकदाच करायचा खर्च म्हणजे दुसरी हार्ड डिस्क. ती घ्याच, आणि वाचनालयात ठेवू नका. कृष्णेपासून लांब, उंचावर राहणाऱ्या एखाद्या विश्वस्ताच्या घरी ठेवा. वर्षातून एकदा ती लावून पाहायची. खंडेनवमीला हत्यारं पुसतात त्याच दिवशी हे करा, म्हणजे विसरणार नाही.

सुरुवात दहा व्याख्यानांनी करा, सगळ्या ३१२ कॅसेटांनी नको. ती दहा ग्रुपवर द्या आणि महिनाभर बिल पाहा. आणि काम पूर्ण झालं तरी कॅसेटा रद्दीवाल्याला देऊ नका. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे दात असतात, ते अजून शाबूत असतील तर मोडून टाका म्हणजे त्यावर कोणी चुकून दुसरं काही टेप करणार नाही. मग पेटी पुन्हा माळ्यावर, होती तिथेच.